स्लॅबला एकवीस दिवस, मग पोटाच्या टाक्यांना आठच का?

दिवाळी आटोपली, तुळशीचे लग्न लागले की आमच्या नाशिक जिल्ह्यात घरोघरी दोन कामे निघतात. एक घराचे आणि दुसरे शरीराचे. पावसाळा संपलेला असतो, सोयाबीन-मक्याचे पैसे हाती आलेले असतात, गवंडी मिळतो आणि माघ-फाल्गुनात घरात एखादे लग्न ठरलेले असते. म्हणून फरशी उखडली जाते, भिंतींना गिलावा होतो, ओटा बदलतो, रंग काढला जातो. त्याच वेळी वर्षभर पुढे ढकललेली हर्नियाची, पित्ताशयाची, गर्भपिशवीची किंवा मोतीबिंदूची शस्त्रक्रियाही 'आता उरकून घेऊ' म्हणून ठरते. 'थंडीत जखम लवकर भरते' हे वाक्य तर मी माझ्या दवाखान्यात दर हिवाळ्यात ऐकतो.

दोन्ही कामे एकाच महिन्यात आली की रुग्ण ज्या घरी विश्रांतीसाठी जातो तेथे विश्रांती सोडून सर्व काही असते. रुग्णालयातील चार दिवस आम्ही जपतो. पुढचे चाळीस दिवस मात्र घराने जपायचे असतात. शस्त्रक्रियेच्या जागी होणाऱ्या जंतुसंसर्गाची नोंद वैद्यकशास्त्रात ३० दिवसांपर्यंत ठेवली जाते आणि आत जाळी, प्लेट किंवा कृत्रिम सांधा बसवला असेल तर ९० दिवसांपर्यंत. याचा अर्थ धोक्याचे बहुतेक दिवस रुग्ण आपल्या घरीच काढतो. म्हणून आजच्या लेखात घराचे काम चालू असताना शस्त्रक्रियेतून उठलेल्या माणसाला कसे सांभाळावे, याचा विचार करू.

थंडीत जखम लवकर भरते का?

हा समज अगदीच निराधार नाही. उन्हाळ्यात घाम येतो, पावसाळ्यात कपडे वाळत नाहीत, पट्टीखाली ओल राहते. हिवाळ्यात हा त्रास कमी असतो. पण एवढ्यावरून थंडी जखम भरते असे म्हणता येणार नाही. उलट अंग गार पडले की कातडीकडे जाणाऱ्या बारीक रक्तवाहिन्या आकसतात. तेथे रक्त कमी पोचते, म्हणजे प्राणवायूही कमी पोचतो, आणि जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशींचे बळ कमी पडते.

१९९६ साली ऑस्ट्रियातील एक अभ्यास प्रसिद्ध झाला. मोठ्या आतड्याची शस्त्रक्रिया झालेले २०० रुग्ण त्यात होते. शस्त्रक्रिया चालू असताना ज्यांचे अंग उबदार ठेवले त्यांच्यापैकी ६ टक्के रुग्णांच्या जखमेत संसर्ग झाला. ज्यांचे अंग गार पडले त्यांच्यात हेच प्रमाण १९ टक्के होते. हा अभ्यास शस्त्रक्रियेच्या वेळेपुरता आहे, घरातल्या थंडीला ते आकडे जसेच्या तसे लावू नयेत. पण रुग्णाची ऊब ही चैन नव्हे, उपचाराचाच भाग आहे, एवढे त्यातून नक्की समजते. निफाडकडे पहाटे पारा एक अंकी आकड्यावर येतो. अशा दिवसांत खिडकीच्या चौकटी काढून ताडपत्री लावलेल्या खोलीत रुग्णाला झोपवणे म्हणजे थंडीचा फायदा घेणे नव्हे.

तेव्हा मुहूर्त ऋतूचा पाहू नये, घराचा पाहावा. अपेंडिक्सला सूज, अडकलेला हर्निया, कर्करोग असे आजार घरासाठी थांबत नाहीत आणि थांबवूही नयेत. पण त्रास न देणारा लहान हर्निया किंवा मोतीबिंदू यांची तारीख डॉक्टरांना विचारून थोडी मागेपुढे करता येते. तोडफोड, फरशी कापणे आणि रंगापूर्वीची घासाई ही धुळीची कामे शस्त्रक्रियेआधी पूर्ण करावीत, नाहीतर सहा आठवड्यांनंतर काढावीत. आजार थांबत नसेल तर काम थांबवावे. सिमेंटची पोती कोरड्या जागी ठेवली तर महिनाभर टिकतात.

जखमेचे स्वतःचे वेळापत्रक

टाके घातलेल्या स्वच्छ जखमेच्या कडा २४ ते ४८ तासांत वरच्या वर जुळतात. त्यावर पातळ पापुद्रा धरतो. पहिले काही दिवस थोडी सूज, थोडी लाली, ठणका राहतो. त्यानंतर साधारण तीन आठवडे शरीर आतून नवे तंतू विणत असते. पुढचे काही महिने ते तंतू पक्के होत जातात.

पहिला आठवडा संपताना जखमेची ताकद मूळ कातडीच्या फार तर दहाव्या हिश्शाएवढी असते. तीन आठवड्यांनी ती २० ते ३० टक्क्यांपर्यंत येते आणि तीन महिन्यांनी सुमारे ८० टक्के. पूर्वीइतकी शंभर टक्के ती पुन्हा कधीच होत नाही. पोटाचे टाके आठव्या, दहाव्या किंवा चौदाव्या दिवशी काढले की रुग्णाला वाटते, आपण मोकळे झालो. प्रत्यक्षात तेव्हा फक्त वरचा दोरा निघालेला असतो. आतील स्नायूंच्या थरांची शिवण अजून कच्चीच असते.

हे समजावताना मी गवंड्याचाच दाखला देतो. स्लॅब टाकला की दुसऱ्या दिवशी तो वरून कडक लागतो, त्यावर चालताही येते. तरी मिस्त्री खालचे सेंटरिंग काढत नाही. आमच्याकडे मोठ्या स्लॅबला पंधरा ते एकवीस दिवस सेंटरिंग ठेवतात, रोज पाणी मारतात. काँक्रीटची ताकद मोजतात तीही २८ दिवसांनी. एखाद्या पुतण्याने घाई करून आठव्या दिवशी टेकू काढायला घेतले तर घरमालक त्याच्यावर ओरडतो. आणि हाच घरमालक स्वतःच्या पोटाचे टेकू आठव्या दिवशी काढून वाळूची पाटी उचलायला जातो. स्लॅबचा नियम पोटालाही लावा, एवढेच माझे सांगणे आहे.

धुळीपासून नेमके काय बिघडते?

बहुतेक लोकांना वाटते की धूळ टाक्यांत शिरते आणि पू होतो. जखम बंद आणि कोरडी असेल, वर पट्टी असेल तर दोन दिवसांनंतर ही शक्यता कमी असते. मात्र जखम उघडी ठेवलेली असेल, आत नळी असेल, मधुमेहीच्या पायाची जखम असेल, तर ती धुळीपासून कसोशीने जपली पाहिजे. मातीत आणि धुळीत धनुर्वाताचे जंतू असतात, हेही विसरू नये.

एरवी धुळीचा मोठा धोका छातीच्या वाटेने येतो. भूल घेतलेल्या माणसाच्या फुप्फुसांच्या तळाशी कफ साठण्याची प्रवृत्ती असते. टाके दुखतात म्हणून तो खोल श्वास घेत नाही. त्यात सिमेंट, पुट्टी आणि घासकागदाची धूळ गेली की खोकला सुरू होतो. खोकल्याच्या प्रत्येक ठसक्याला पोटातील दाब एकदम वाढतो आणि तो सगळा ताण नव्या शिवणीवर पडतो. हर्नियाच्या शस्त्रक्रियेनंतर महिनाभर खोकत राहणे म्हणजे पुन्हा हर्नियाला आमंत्रण. घरात कोणी विडी-सिगारेट ओढत असेल तर तो धूरही यात भर घालतो.

रुग्णालयाच्या आवारात बांधकाम निघाले तर आम्ही मध्ये पक्के पडदे घालतो, वॉर्डाची दारे-खिडक्या बंद ठेवतो. कारण जुन्या भिंती-छत पाडताना बुरशीचे सूक्ष्म बीज हवेत उडते. धडधाकट माणसाला त्याचे फारसे काही होत नाही. पण कर्करोगाची औषधे घेणारा, मूत्रपिंड बदललेला किंवा साखर अजिबात आटोक्यात नसलेला रुग्ण त्याने गंभीर आजारी होऊ शकतो. २०२१ साली कोरोनानंतरच्या म्युकर बुरशीने मधुमेही रुग्णांचे किती हाल केले ते आपण पाहिले आहे. अशा रुग्णाने तोडफोड चालू असलेल्या घरात राहूच नये. भावाकडे, मुलीकडे, गावातच भाड्याच्या खोलीत, कोठेही जावे.

ग्रॅनाइट, व्हिट्रिफाइड टाइल किंवा काँक्रीट कटरने कोरडे कापले की सिलिकाची अतिशय बारीक धूळ उडते. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९९७ मध्ये तिचा समावेश कर्करोगकारक पदार्थांच्या पहिल्या गटात केला. हा धोका मुख्यतः वर्षानुवर्षे हेच काम करणाऱ्या कामगारांना असतो. म्हणून कटिंग अंगणात, वाऱ्याची दिशा पाहून आणि पाण्याची धार सोडून करण्यास सांगावे. त्यात आपल्या रुग्णाचे भले आहे आणि त्या फरशीवाल्याचेही. त्यालाही चांगला मास्क आणून द्यावा. तोंडाला बांधलेला रुमाल ही बारीक धूळ अडवत नाही.

रंगाचा वास आणि जुना रंग

ऑइल पेंट, पॉलिश, थिनर, टर्पेंटाइन यांच्या वाफांनी डोके दुखते, मळमळते, दमेकऱ्याला धाप लागते. थंडीत रंग वाळायला वेळ लागतो आणि खिडक्या बंद असतात, म्हणून वास अधिक दिवस कोंडतो. उलटीच्या उमाळ्यानेही टाक्यांवर ताण येतो. रुग्णाची खोली रंगवायची असेल तर तो रुग्णालयात जाण्यापूर्वी आठ-दहा दिवस आधी रंगवावी आणि हवेशीर ठेवावी. ते जमले नसेल तर यंदा ती खोली तशीच राहू द्यावी.

जुन्या दारे-खिडक्यांवरील ऑइल पेंट खरवडताना आणखी एक काळजी घ्यावी. पूर्वीच्या अनेक रंगांत शिसे असे. आपल्या देशात घरगुती रंगातील शिशाचे प्रमाण दहा लाख भागांत ९० भागांपेक्षा जास्त नसावे, असा नियम २०१६ साली झाला आणि नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. त्याआधीचा रंग कोरडा घासला की शिशाची धूळ घरभर पसरते. लहान मुले आणि गरोदर स्त्रिया यांना ती विशेष घातक. असा रंग पाणी मारून ओला करूनच घासावा आणि खाली पडलेला चुरा ओल्या फडक्याने टिपून घ्यावा. सिझेरियन झालेली बाळंतीण आणि तिचे बाळ घरात असेल तर हे काम काढूच नये.

शेगडी आणि गॅस गीझर

हिवाळ्यात मला सर्वांत जास्त भीती वाटते ती या दोन वस्तूंची. रुग्णाला ऊब मिळावी म्हणून घरातील माणसे प्रेमाने कोळशाची शेगडी पेटवतात. धूळ येऊ नये म्हणून खोलीच्या फटी आधीच बुजवलेल्या असतात. जळत्या कोळशातून कार्बन मोनॉक्साइड वायू निघतो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातील हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा दोनशे पटींहून अधिक घट्ट चिकटतो. डोके जड होते, झोप येते, आणि ती झोप कायमची ठरू शकते. दुखणे कमी करण्याच्या गोळ्या घेऊन झोपलेल्या रुग्णाला तर जागही येत नाही.

बाथरूममधील गॅस गीझरचे तसेच. एरवी वरचा झरोका उघडा असतो म्हणून निभावते. गिलाव्याच्या कामात तो झरोका ताडपत्रीने किंवा विटेने बंद केला जातो, आणि कोणाच्या लक्षात राहत नाही. काम चालू असेपर्यंत गॅस गीझर बंद ठेवावा. पाणी चुलीवर वा स्वयंपाकाच्या गॅसवर तापवून बादलीतून घ्यावे, आणि ती बादली रुग्णाने उचलू नये. ऊब हवी असेल तर गोधडी, स्वेटर, कानटोपी, पायमोजे, दुपारचे ऊन हे सर्वांत निर्धोक उपाय. गरम पाण्याची पिशवी झोपण्यापूर्वी अंथरुणात ठेवून काढून घ्यावी. टाक्यांच्या आसपासची कातडी बधिर असते, पिशवी तेथे लावली तर भाजल्याचे कळतही नाही.

संडास शेवटी फोडावा

हा मुद्दा लोकांना क्षुल्लक वाटतो, पण माझ्या अनुभवात रुग्णाचे सर्वाधिक हाल येथेच होतात. घरातील संडास-बाथरूम नवे करायला घेतलेले असते. दहा दिवस शेजारच्यांकडे जायचे असे ठरते. घरच्या इतरांना ते जमते. पोट धरून चालणारा रुग्ण मात्र जाणे टाळू लागतो. जायला लागू नये म्हणून पाणी कमी पितो. दुखण्याच्या काही गोळ्यांनी आधीच मलावरोध झालेला असतो. त्यात पाणी कमी, चालणे कमी. मग शौचाला जोर करावा लागतो आणि तो जोर टाक्यांवर येतो. लघवी तुंबवून ठेवल्याने वयस्कर पुरुषांना वेगळाच त्रास होतो.

म्हणून रुग्ण घरी असेपर्यंत वापरता येणारा एक संडास जागचा हलवू नये. नवी फरशी बसवलेली बाथरूम गुळगुळीत आणि ओली असते, तेथे रबरी चटई टाकावी व धरायला काहीतरी पक्के असावे. गुडघ्याचा किंवा खुब्याचा सांधा बदललेल्याला खाली बसण्याचा संडास चालत नाही; त्याची उंच बैठकीची सोय रुग्णालयातून येण्याआधी झाली पाहिजे.

एक खोली राखून ठेवा

सगळे घर धुळीपासून वाचवणे शक्य नसते. एक खोली वाचवता येते. ती निवडताना पुढील गोष्टी पाहाव्यात.

खोली शक्यतो तळमजल्यावर, संडासाजवळ आणि कामाच्या जागेपासून लांब असावी. तिच्यात गवंड्याचे सामान, रंगाचे डबे, घरातील हलवलेली कपाटे कोंबू नयेत. कामाच्या बाजूच्या दाराच्या फटीला खाली ओले गोणपाट किंवा जाड चादर लावावी आणि बाहेरच्या बाजूची एक खिडकी दुपारी उघडता येईल असे ठेवावे. झाडू मारू नये. ओल्या फडक्याने पुसावे. रुग्णाला जमिनीवर झोपवू नये. थंडी तर लागतेच, शिवाय उठताना पोटाला पीळ बसतो. खाटेवरून उठताना आधी कुशीवर वळावे, पाय खाली सोडावेत आणि हाताने रेटा देऊन बसावे.

पट्टी बदलण्याची वेळ सकाळी, कामगार येण्यापूर्वी ठेवावी. रात्रभरात उडालेली धूळ खाली बसलेली असते. आधी साबणाने हात स्वच्छ धुवावेत. ज्याने सिमेंट किंवा वाळू हाताळली त्याने हे काम करू नये. जखमेवर हळद, राख, पावडर, तेल काही लावू नये. पट्टी भिजली, मळली किंवा सुटली तर संध्याकाळची वाट न पाहता बदलावी. आंघोळ केव्हा करायची ते ज्याने शस्त्रक्रिया केली त्यालाच विचारावे.

मोतीबिंदू झालेल्यांनी दिलेला चष्मा किंवा झाकण वापरावे, डोळा चोळू नये, त्यात पाणी जाऊ देऊ नये, थेंब ठरल्या वेळी घालावेत आणि कामाच्या जागेकडे फिरकूच नये. त्यांना दुखत नसते, म्हणून तेच सर्वांत आधी बाहेर येऊन उभे राहतात.

घर सामानाने भरले की चालायला जागा उरत नाही आणि थंडीमुळे गोधडीतून निघावेसे वाटत नाही. पण पडून राहणे हेही धोक्याचे. पायाच्या शिरांत रक्ताची गुठळी होऊ शकते. ऊन आले की दिवसातून चार-पाच वेळा पाच-दहा मिनिटे मोकळ्या वाटेने चालावे. पायाखाली वायर, खिळे, ओला गिलावा नको. पडल्या-पडल्या पावले वरखाली हलवावीत. जागेपणी तासातासाला दहा खोल श्वास घ्यावेत. खोकला आलाच तर पोटावर उशी घट्ट दाबून खोकावे.

रिकामा ओटा, उपाशी रुग्ण

स्वयंपाकघर पडवीत हलले की सर्वांचेच जेवण चहा-बिस्किट आणि वडापाववर येते. जखम विणायला प्रथिने लागतात. डाळ, मोड आलेली मटकी, शेंगदाणे, दूध, दही, अंडी, चालत असल्यास मासे-चिकन हे रोजच्या जेवणात हवे. हिवाळ्यात पेरू आणि आवळा मुबलक असतो. त्यातील क जीवनसत्त्व नवे तंतू विणण्यास आवश्यक आहे. भात, बटाटा, वांगे यांनी टाके पिकतात ही समजूत चुकीची आहे. टाके पिकतात जंतूंनी आणि वाढलेल्या साखरेने. मधुमेहींनी या धांदलीत गोळी किंवा इन्सुलिन चुकवू नये. एक शेगडी आणि दोन भांडी रुग्णासाठी चालू राहतील, अशा बेताने ओटा फोडावा. ही शेगडी अर्थात गॅसची, आणि पडवीतच.

मालकी दुसऱ्याकडे द्या

आता सर्वांत अवघड पथ्य. माझ्याकडे आलेले एक निवृत्त शिक्षक हर्नियाची जाळी बसवून घरी गेले. त्यांनी औषध एकदाही चुकवले नाही. पण खोलीबाहेर मिस्त्री विचारी, 'सर, हा उतार इकडे काढू की तिकडे?' आणि सर उठत. दिवसातून पंधरा वेळा उठत, जिना चढून स्लॅबची गळती पाहत, नको तेथे रंगाचा डबा सरकवत. दहाव्या दिवशी जखमेच्या जागी मोठी सूज घेऊन आले. सुदैवाने आत साठलेले पाणीच होते, ते जिरले. जाळी वाचली.

दुसरी रुग्ण पन्नाशीच्या आतली एक गृहिणी. गर्भपिशवी काढलेली. तिला कोणी हाक मारली नाही. तिचे तिलाच पाहवले नाही. कामगारांना दोन वेळा चहा, नव्या गिलाव्याला सकाळ-संध्याकाळ पाणी मारणे, ही कामे घरात तिचीच समजली जात. ती काय उचलत होती ते पाहा. दहा लिटरची भरलेली बादली म्हणजे दहा किलोहून अधिक. घरगुती गॅसचा भरलेला सिलिंडर सुमारे तीस किलो. आम्ही सांगतो, सहा आठवडे पाच किलोच्या वर काही उचलू नका. म्हणजे अर्धी बादलीही जास्तच. तिला बाराव्या दिवशी रक्तस्राव सुरू झाला आणि पुन्हा दाखल करावे लागले. ती बरी झाली. पण तिच्या पतीने मला विचारले, 'डॉक्टर, तिने सांगितले का नाही?' मी त्यांना म्हटले, 'दादा, घरात पाणी मारायला दुसरे कोण आहे, हे तुम्ही तिला कधी सांगितले होते का?'

म्हणून रुग्ण घरी येण्यापूर्वी एक माणूस ठरवून टाका. मुलगा, भाऊ, जावई, नणंद, कोणीही. फरशीचा रंग, उतार, मजुरी, हिशेब, सगळे त्याने पाहायचे. मिस्त्रीला तशी स्पष्ट कल्पना द्यायची की या खोलीचे दार ठोठवायचे नाही. पाणी कोण मारणार, चहा कोण करणार, पिण्याचे पाणी कोण भरणार, हे नावानिशी ठरवायचे. रुग्ण स्त्री असेल तर हे आवर्जून करायचे, कारण पुरुषाला घर झोपू देते, स्त्रीला ते देत नाही. दुपारी दोन तास ठोकाठोक बंद ठेवायला गवंडी कधी नाही म्हणत नाही. त्याच्याही जेवणाची ती वेळ असते.

केव्हा थांबू नये

पुढील गोष्टी दिसल्या तर 'काम उरकू दे, मग जाऊ' असे म्हणू नये. ताप १००.४ अंशांच्या वर जाणे किंवा थंडी वाजणे. जखमेचा ठणका कमी होण्याऐवजी वाढणे, लाली पसरणे, पू किंवा दुर्गंधी येणे. टाके उसवणे, आतून काही बाहेर आल्यासारखे वाटणे. सतत उलट्या, पोट फुगणे, लघवी न होणे. शस्त्रक्रियेच्या जागेतून किंवा अंगावरून भरपूर रक्त जाणे. मोतीबिंदूच्या डोळ्यात दुखणे, लाली, किंवा दिसणे कमी होणे. हे त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे.

एका पोटरीला सूज व दुखणे, अचानक दम लागणे, छातीत दुखणे, किंवा बंद खोलीत एकाहून अधिक माणसांना एकदम डोकेदुखी व गुंगी येणे, यात तर तासाचाही उशीर नको. माणसे मोकळ्या हवेत आणावीत आणि १०८ ला फोन करावा.

तपासणीत काही निघाले नाही तर उत्तमच. फेरी वाया गेली असे समजू नये. ज्यांच्या घरी या महिन्यात शस्त्रक्रिया आणि बांधकाम दोन्ही ठरले आहे त्यांनी आज रात्री घरातील सर्वांना बसवून दोन तारखा शेजारी शेजारी लिहाव्यात, गवंड्याची आणि डॉक्टरांची. त्या दोहोंत सहा आठवड्यांचे अंतर पडत नसेल तर गवंड्याला फोन करावा. तो समजून घेईल. सेंटरिंग लवकर काढले तर काय होते, हे त्याला आपल्यापेक्षा चांगले ठाऊक असते.